त्या थेंबांत औषधाशिवाय काय होतं

डोळे तपासायला गेलो तेव्हा मला डोळ्यांचा काहीच त्रास नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच पटायला जड गेलं.

मी कोपरखैरण्याहून तळोज्याला स्टाफ बस चालवायचो. बस आमच्या ट्रॅव्हल्सवाल्यांची, माणसं कंपनीची. शाम्पू, क्रीम, फेसवॉश असला माल तिथे बनतो. अठरा वर्षं मी बसवर होतो, त्याआधी टेम्पोवर. दरवर्षी ड्रायव्हर लोकांची तपासणी होते. त्या वर्षी शिबिरातल्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, थांबले, परत मारली आणि एक चिठ्ठी लिहून दिली. "वाशीला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवा. उशीर करू नका."

मी पंधरा दिवस उशीर केला. गणपतीच्या जादा ट्रिपा होत्या.

वाशीला एका मशीनसमोर बसवलं. पांढऱ्या भांड्यासारखं मशीन. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे उजेड चमकला की हातातलं बटन दाबायचं. सगळे दिवे मी पकडले असं मला वाटलं. कागद बाहेर आला तेव्हा त्याचा एक कोपरा काळा होता.

"इथे पण दिवे लागले होते?" मी विचारलं.

"लागले होते काका. तुम्हाला दिसले नाहीत." डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सावकाश बोलायच्या. "काचबिंदू आहे."

मला मोतीबिंदू माहीत होता. गावाकडे आमच्या चुलत्यांचा काढला होता. मी म्हणालो, "मग काढून टाका."

"हा काढता येत नाही. काचबिंदूने जी नजर गेली ती गेली. उरलेली सांभाळायची. त्यासाठी थेंब घालायचे. रोज, न चुकता, कायमचे."

घरी आल्यावर शोभाने, माझ्या बायकोने, एवढंच विचारलं, "दिसतंय न्हवं पण?"

"दिसतंय."

"मग झालं तर." तिने ती छोटी बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचेत ठेवली. आम्ही दोघं जेवायला बसलो. मी जेवता जेवता एकेक डोळा मिटून भिंतीकडे बघत होतो. काळं कुठेच दिसत नव्हतं. जे दिसत नाही ते काळं दिसत नसतं, ते नसतंच, हे मला फार नंतर कळलं.

फुंक

आधी एक बाटली होती, झोपताना घालायची. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दुसरी दिली, सकाळ-संध्याकाळ. त्यानंतर डोळे लाल व्हायला लागले. मिरची चिरलेल्या हाताने डोळा चोळावा तशी आग व्हायची. बसच्या खिडकीतून वारा आला की पाणी गळायचं. पापण्यांच्या कडांना खपल्या धरायच्या.

डॉक्टरांना मी सांगितलं, पण कसं? "थोडं चुरचुरतं मॅडम." त्यांच्या दारात तेव्हा पन्नास माणसं बसलेली. त्या म्हणाल्या, सुरुवातीला होतं थोडं, सवय होईल. मग मी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारलं. त्याने लाली घालवायचे एक आणि डोळे ओले ठेवायचे एक असे ड्रॉप दिले. ते घातले की दहा मिनिटं गार वाटायचं, मग दुप्पट आग. म्हणून परत घालायचो. बसमध्ये, पार्किंगमध्ये, सिग्नलला. खिशात बाटली ठेवूनच फिरायचो.

एका सकाळी आमचे सुपरवायझर साळवी बसच्या दाराशी आले.

"दत्ता, जरा उतर खाली."

उतरलो. त्यांच्या हातात दारू तपासायचं यंत्र होतं.

"फुंक."

फुंकलो. शून्य आलं.

"रात्रीची उतरली असेल," ते हळूच म्हणाले.

"साहेब, मी सुपारीसुद्धा खात नाही. तुम्हाला माहिताय."

"मला माहिताय रे. पण लेडीज स्टाफची तक्रार हाय. डोळे बघ एकदा आरशात. उद्यापासून रोज फुंकायचं. माझा नाइलाज आहे."

तेव्हापासून रोज सकाळी, सगळा स्टाफ खिडकीतून बघत असताना, मी बसखाली उभा राहून फुंकायचो. रोज शून्य यायचं आणि रोज लोक माझ्याकडे तसेच बघायचे. खरं कारण सांगावं तर काचबिंदू सांगावा लागणार. काचबिंदूवाल्याच्या हातात चाळीस माणसांची बस कोण देईल? एक तर दारुडा व्हायचं, नाहीतर आंधळा. मी दारुडा झालो.

हेही सहन झालं असतं. पण एका संध्याकाळी मी घरी आलो आणि शोभाने कॉलर नीट करायच्या निमित्ताने तोंड जवळ आणलं आणि श्वास घेतला. चोवीस वर्षांचा संसार. कॉलर सरळच होती.

बेसिन

दुसऱ्या दिवशी मी थेंब बंद केले. सगळे. कोणाला सांगितलं नाही.

आठ दिवसांत आग कमी झाली. महिन्याभरात डोळे बऱ्यापैकी पांढरे झाले. साळवींनी यंत्र आणणं बंद केलं. बसमधल्या बायका परत "गुड मॉर्निंग काका" म्हणायला लागल्या. शोभा म्हणाली, "आता बरं दिसताय." घरात बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकू आलं. मला खरंच वाटलं की मी बरा झालोय. दिसण्यात फरक नव्हता, मग बाटलीची गरज काय?

पण शोभाला बाटली संपताना दिसायला हवी होती. म्हणून मी रोज फ्रिज उघडायचो, बाटली घेऊन बाथरूममध्ये जायचो आणि एकेक थेंब बेसिनमध्ये टाकायचो. वर नळ सोडायचो. असे चार महिने. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण हे लपवलं तर बाकी लिहून उपयोग नाही.

तपासणीची तारीख आली. डॉक्टरांनी डोळ्यातलं प्रेशर मोजलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"थेंब रोज घालताय ना काका?"

"हो."

"मग हे दोन पुरत नाहीयेत. तिसरा सुरू करू या."

माझ्या एका 'हो'ने तिसरी बाटली घरात आली. ती मात्र भीतीपोटी मी घालायला लागलो, आणि जुन्याही परत सुरू केल्या. पाच-सहा दिवसांत डोळे पुन्हा लालभडक, म्हणून मेडिकलवाल्याचे ड्रॉपही परत सुरू झाले.

पुढची सीट

महापेच्या वळणावर ती घटना घडली. सकाळची वेळ, बस भरलेली. मी डावीकडे वळत होतो. आरशात बघितलं होतं, रस्त्यावर बघितलं होतं, कोणी नव्हतं.

"दादा, ब्रेक मारा."

आवाज पुढच्या सीटवरच्या म्हात्रे मॅडमचा होता. मी पाय दाबला. बस हिसका खाऊन थांबली. दरवाज्याच्या अगदी पुढे एक स्कूटर होती, त्यावर एक बाई, पायाशी भाजीची पिशवी. तिने हेल्मेटमधून माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेली. ती तिथे होती आणि माझ्या डोळ्यांच्या लेखी नव्हती.

तळोज्याला सगळे उतरले. म्हात्रे मॅडम उतरल्या नाहीत. त्यांचं माहेर जासईचं, सासर बोनकोड्याचं. कंपनीच्या लॅबमध्ये होत्या. चार वर्षं त्याच सीटवर बसायच्या, पण आमचं बोलणं कधी पावसापाण्यापलीकडे गेलं नव्हतं.

"दादा, ती बाई तुम्हाला दिसलीच नाय ना?"

मी मान हलवली. मग सगळं सांगितलं. शिबिर, काळा कोपरा, आग, फुंक, बेसिनसुद्धा. बायकोला सांगितलं नव्हतं ते परक्या बाईला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ड्रॉपची बाटली हाय का जवळ?"

डॉक्टरांची तिसरी बाटली खिशात होती, ती दिली. बारीक अक्षर होतं. त्यांनी मोबाईलने फोटो काढला आणि मोठा करून वाचला.

"माझं काम काय, माहिताय? शाम्पूत, क्रीममध्ये आम्ही मुद्दाम जंतू सोडतो आणि ते मरतात का ते बघतो. मरायला पायजेत, म्हणून आत प्रिझर्वेटिव असतं. सॉसमध्ये असतं, बाजारच्या लोणच्यात असतं, खोकल्याच्या औषधात असतं. प्रत्येकातलं वेगळं, पण काम तेच. नायतर बाटली उघडली की आत बुरशी धरेल. ड्रॉपची बाटली तर तुम्ही रोज उघडता. हे बघा, हे यातलं. बेंझाल्कोनियम क्लोराईड. जंतूचं कवच फोडतं. साबणाच्याच जातीचं म्हणा ना. पण समोर जंतू हाय का डोळ्याची नाजूक त्वचा, ते त्याला कळत नाय."

"म्हणजे औषध खराब आहे?"

"नाय हो. औषध चांगलं, प्रिझर्वेटिवपण कामाचं. त्याच्याशिवाय बाटलीत जंतू झाले तर डोळा जायचा. बहुतेकांना चालतं. तुम्ही दिवसातून किती वेळा घालता? मेडिकलवाल्याचे धरून?"

मी मोजलं. आठ वेळा. एखाद्या दिवशी नऊ.

"घरी जाऊन सगळ्या बाटल्या बघा. हेच नाव असणार. पण मी डॉक्टर नाय. आगीचं दुसरंही कारण असू शकतं. त्यांच्याकडे जा आणि थेंब बंद केले होते ते पहिलं सांगा." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. "आणि दादा, संध्याकाळची ट्रिप तुम्ही नका मारू. मी साळवींना काय सांगणार नाय. तुम्हीच सांगा."

त्यांचं बरोबर होतं. त्या रिकाम्या बसमध्ये मी बराच वेळ हँडब्रेक धरून बसलो होतो. बस बंद होती.

चार बाटल्या

ती ट्रिप मी मारली नाही. तब्येत बिघडली असं कळवून रिक्षाने घरी आलो. आमची मुलगी मयुरी तेव्हा नुकतीच बी.कॉम. होऊन एका ऑफिसात लागली होती. संध्याकाळी ती आल्यावर मी मॅडमनी दाखवलेलं नाव सांगितलं, तशी तिने बाटल्या ओट्यावर मांडल्या आणि एकेक वाचली. त्या दिवशी घरात चार होत्या. डॉक्टरांच्या दोन, मेडिकलवाल्याच्या दोन. तिसरी डॉक्टरांची माझ्या खिशात होती, ती मॅडमनी वाचलीच होती. चारही बाटल्यांवर तेच नाव.

"म्हणजे लाली घालवायला तुम्ही लाली करणारंच घालत होता," मयुरी म्हणाली.

मग मी बेसिनचं सांगितलं. शोभा खुर्चीत बसली.

"बेसिनमध्ये?"

"हो."

"मी तुमच्या तोंडाचा वास घेत होते, आन् तुम्ही औषध बेसिनमध्ये घालत होता." ती रडली नाही, ओरडलीही नाही. मग म्हणाली, "मला इचारायचं होतं ओ, प्यालाय का म्हणून. तोंडानं इचारायची हिंमत झाली नाही."

मलाही नव्हती झाली. एका घरात राहून आम्ही दोघंही एकमेकांपासून पळत होतो.

काळा कागद

डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या मी सगळं बोलून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवला. मग डोळ्यांत रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघितलं, आधी उजवा, मग डावा, मग परत उजवा.

"पृष्ठभाग सगळा सोलवटलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही चुरचुरतं म्हणालात तेव्हाच मी हे बघायला हवं होतं."

मला हे वाक्य ऐकायचं नव्हतं. त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी मेडिकलवाल्याचे दोन्ही ड्रॉप बंद केले. काचबिंदूचं औषध बदललं, बिनप्रिझर्वेटिवचं दिलं. ते छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांत येतं. टोक मोडायचं, थेंब घालायचा, कुपी टाकून द्यायची. आत काही टिकवायचं नसतं म्हणून घालायचंही काही नसतं. महाग पडतं आणि कोपरखैरण्यात सगळीकडे मिळत नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला दुसरंच विचारायचं होतं.

परत त्या पांढऱ्या मशीनसमोर बसलो. या वेळी जीव तोडून बटन दाबत होतो, दिवा दिसला न दिसला तरी. मशीनला ते कळतं म्हणे. कागद आला. डावीकडचा खालचा भाग जवळपास सगळा काळा.

"हे परत येईल का?"

"नाही काका."

"मी चार महिने बंद केले त्याने गेलं?"

"काही त्याने. काही आधीच जायला लागलं होतं. किती कशाने, ते मलाही सांगता येणार नाही."

बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. कोणावर रागवावं तेच सुचेना. डॉक्टरांनी औषध दिलं ते डोळे वाचवायला. औषधात ते दुसरं घातलं ते औषध वाचवायला. साळवींनी फुंकायला लावलं ते माणसं वाचवायला. सगळ्यांचं बरोबर होतं आणि माझी नजर गेली होती. राग यायला समोर कोणीतरी लागतं. माझ्यासमोर मीच होतो, आणि स्वतःवर तरी किती दिवस रागावणार?

जड वाहनाच्या लायसनसाठी फिटनेसचा दाखला लागतो. डॉक्टरांनी तो देणार नाही म्हणून सांगितलं. मी साळवींकडे जाऊन चावी टेबलावर ठेवली आणि कारण सांगितलं.

"अरे, आधी सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर बस दिली असती?"

"नसती दिली," ते म्हणाले. मग चहा मागवला. तो प्यायला मला फार वेळ लागला.

आता

डोळ्यांची आग जायला दीड-दोन महिने लागले. आता डोळे पांढरे आहेत. दिसायला मी एकदम ठणठणीत दिसतो. लोक म्हणतात, तब्येत सुधारली. मी हो म्हणतो.

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात फोन घ्यायचं काम मिळालं. कोणत्या गाडीवर कोण जाणार, कोण आजारी, कोणाचा टायर बसला. ड्रायव्हर लोक फोनवर ओरडतात, मी ऐकून घेतो. खिडकीबाहेर बसेस सुटतात तेव्हा मी पाठ करून बसतो. वर्ष झालं, अजून समोर तोंड करून बसता येत नाही.

थेंब शोभा घालते. माझा नेम चुकतो म्हणून असं आम्ही सगळ्यांना सांगतो. खरं कारण दोघांना माहीत आहे. ती कुपीचं टोक मोडते, मी खुर्चीत मान मागे टाकतो, ती एका हाताने पापणी धरते. हे दिवसातून दोनदा. भांडण झालं असलं तरी. बोलणं बंद असलं तरी ती कुपी घेऊन येते आणि उभी राहते. त्या अर्ध्या मिनिटात मला बरं वाटतं, एवढंच सांगता येतं.

मधे काही दिवस मला वेगळंच वेड लागलं होतं. घरातली प्रत्येक बाटली वाचायचो. शाम्पू, सॉस, खोकल्याचं औषध. सॉस फेकून दिला. खोकला झाला तरी औषध घेईना. शोभा वैतागली. म्हात्रे मॅडमना फोन केला तर त्याही चिडल्या. "दादा, बुरशी आलेलं खाणार काय? घाबरून सगळं टाकलं तर मग राहिलं काय? तुमच्या डोळ्यांना नाय चाललं, पोटाला चालतं." मग सॉस परत आला. म्हणून मी कोणाला 'लेबलं वाचत बसा' असं सांगणार नाही. एवढंच सांगेन की औषधाने त्रास होत असेल तर 'थोडं चुरचुरतं' असं म्हणू नका. किती, कधी, किती वेळा, सगळं सांगा, मागे पन्नास माणसं बसलेली असली तरी. वरून स्वतःच्या मनाने काय घालताय तेही सांगा. आणि बंद केलं असेल तर ते तर सांगाच. मला हे सांगायचा हक्क आहे का, ठाऊक नाही.

मयुरी

डॉक्टर म्हणाल्या होत्या, काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो, मुलीला तपासून घ्या. मी तीन महिने टाळलं. मग तिनेच सुट्टी काढली.

तिला आत बसवलं. मधे नुसता पडदा होता. मला बटनाचा आवाज ऐकू येत होता. टक. टक. मग काहीच नाही. मग परत टक. प्रत्येक वेळी आवाज थांबला की मला वाटायचं, आत्ता दिवा लागला असेल आणि तिला दिसला नसेल. मला पडदा सारून तिच्या वतीने ते बटन दाबावंसं वाटत होतं.

कागद स्वच्छ निघाला. कुठेच काळं नव्हतं. पण प्रेशर जरा वरच्या बाजूला होतं.

"आत्ता औषध नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सहा महिन्यांनी परत बघू. तेव्हा कदाचित सुरू करावं लागेल."

मयुरीने मान डोलावली. "सुरू केलं तर बिनप्रिझर्वेटिवचं मिळेल ना?" तिने विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गरज वाटली तर नक्की. आणि दर वेळी डोळ्याचा पृष्ठभागही बघू." तेवीस वर्षांच्या पोरीला हा प्रश्न विचारावा लागला, आणि तो तिला विचारता आला, यातलं कशाचं वाईट वाटून घ्यावं ते मला समजेना. मी तिला डोळे दिले तसं हे दुखणंही दिलं असेल. त्यात मला करण्यासारखं काही नव्हतं, आणि आता तर अजिबात नाही.

दवाखान्यातून बाहेर पडलो. वाशीच्या त्या रस्त्याला दुपारीही गर्दी असते. आम्ही शेजारी शेजारी चालत होतो. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"बाबा, मी आत्ता दिसतेय तुम्हाला?"

मी डावीकडे मान वळवली. "दिसतेस की."

"मान न वळवता सांगा."

मी समोर बघितलं. सिग्नल, रिक्षा, समोरच्या दुकानाची पाटी, सगळं होतं.

"नाही," मी म्हणालो.

ती मागून फिरून माझ्या उजव्या बाजूला आली. माझ्या कोपराला तिने धरलं, आणि सिग्नल सुटायच्या आत आम्ही रस्ता ओलांडायला लागलो.